सुभेदाराचं औषध चालू आहे

परसात कोंबड्या पाळल्या की अंडी मिळतात, असं लोकांना वाटतं. साफ खोटं! अंडी मुंगूस, मांजर आणि शेजारी खातात. आपल्या वाट्याला येतात ते किस्से. ओझरच्या विमान कारखान्यातून रिटायर झालेल्या आमच्या कंपूकडे ते इतके साठलेत, की सकाळच्या चहाला एक काढला तर त्याच्या मागून आणखी चार बाहेर पडतात.

कंपूत आम्ही चौघं. स्टोअर्सचे नाना बोरस्ते, असेंब्लीचे खैरनार, इन्स्पेक्शनचे कुलकर्णी आणि पेंट शॉपमधला मी. घरं एका ओळीत, परसं एकमेकांना लागून. जन्मभर आम्ही विमानं आकाशात पाठवली आणि म्हातारपणी पाळले ते पक्षी असे, की त्यांना कुंपणसुद्धा धड ओलांडता येत नाही!

नानांचा कोंबडा म्हणजे सुभेदार. तांबडा, तुरेबाज आणि एक नंबरचा भांडकुदळ. नानांचा जीव त्याच्यात. आणि नानांच्या बायकोचा, म्हणजे आमच्या मंदावहिनींचा, डोळा त्याच्यावर. पाहुणे येणार असा फोन आला की वहिनी आधी खोबरं किसायला घेत आणि किसता किसता सुभेदाराकडे बघत.

* * *

एकदा हा सुभेदार लंगडायला लागला. पायांवरचे खवले उचकटलेले, पाय सुजून आल्याच्या गड्ड्यासारखे झालेले. नानांनी त्याला पिशवीत घातलं आणि स्कूटरवरून जनावरांच्या डॉक्टर मॅडमकडे नेलं.

मॅडम म्हणाल्या, "खवल्यांखाली बारीक किडे शिरलेत. कोमट साबणाच्या पाण्यात पाय भिजवा, मऊ ब्रशने हळूच घासा आणि वर तेल किंवा व्हॅसलीन चोपडा. किडे गुदमरून मरतात. नवे खवले येईपर्यंत दर आठवड्याला करायचं. आणि सगळ्याच कोंबड्यांचं करा, हे एकाचं दुसऱ्याला लागतं."

नानांनी घरी येऊन घमेल्यात पाणी घेतलं, सुभेदाराला मांडीवर बसवलं आणि पेडिक्युअर सुरू केलं. वहिनी दारातून बघत होत्या.

"कशाला एवढी उस्तवार? पाय तर आपण तसंही टाकूनच देतो!"

नाना तेल शोधायला आत गेले आणि हाताला लागली ती नेमकी वहिनींची मोगऱ्याच्या तेलाची बाटली. ही बाटली फक्त लग्नकार्याला निघायची. सुनेलासुद्धा त्यातला थेंब मिळत नसे. सुभेदाराचे पाय मोगऱ्याने घमघमले आणि मग घरात जे झालं, ते आम्ही तिघांनी आपापल्या परसातून, हातातली कामं थांबवून ऐकलं.

"एवढा संसार केला, माझ्या डोक्याला कधी तेल लावलं का?"

बाटली कपाटात गेली, किल्ली वहिनींच्या कमरेला गेली आणि नाना व्हॅसलीनवर आले.

* * *

खैरनारांना तेल आणि व्हॅसलीन म्हणजे बायकी काम वाटलं. "किडा गुदमरवायचा ना? मग ग्रीस लावा की! लय भारी चिकटतं. नाय सुटायचं!"

त्यात त्यांनी मॅडमकडून आणखी एक ऐकलं होतं. दुसऱ्या जातीचे किडे कोंबड्या रात्री बसतात त्या दांडीच्या फटीत दिवसा लपतात, तेव्हा दांडीही साफ करायची. खैरनारांनी एकाच डब्यात दोन्ही कामं उरकली. कोंबड्यांच्या पायांना ग्रीस, दांडीलाही ग्रीस!

संध्याकाळी कोंबड्या नेहमीप्रमाणे दांडीवर चढल्या आणि धपाधप खाली आल्या. पुन्हा चढल्या, पुन्हा खाली. शेवटी सगळ्या भिंतीकडे तोंड करून जमिनीवर बसल्या. फार अपमान झाला होता त्यांचा.

मॅडम संतापल्या. "खैरनार, पक्षी आहे तो. बेअरिंग नाही!"

"मॅडम, ते खरं हाय. पण घर्षण बघा ना, शून्य!"

पुढचा अख्खा दिवस खैरनार साबणाचं पाणी घेऊन एकेका कोंबडीचे पाय धूत होते. ग्रीस निघालं, पण त्या कोंबड्या अजून त्यांच्याकडे संशयानेच बघतात.

* * *

कुलकर्णी पक्के शाकाहारी. कोंबड्या त्यांच्या, अंडी आमची, असा आमचा जुना करार. त्यांच्या कोंबड्यांना उवा झाल्या. मॅडमनी पावडर दिली आणि राखेत लोळू द्या म्हणून सांगितलं. पण इन्स्पेक्शनचा माणूस! भिंग घेऊन बसले. प्रत्येक कोंबडीचं पीस न् पीस उचकून तपासायचं आणि पास झाली की पायात हिरवी दोरी, नापास झाली की लाल.

हिरव्या दोरीवाल्या कोंबड्या लगेच लाल दोरीवाल्यांच्या शेजारी जाऊन राखेत लोळत. मग यांची फेरतपासणी. असं चार दिवस चाललं आणि शेवटी कुलकर्णीच खाजवायला लागले.

त्यांच्या बायकोने फर्मान काढलं, परसातून आलात की मोरीत अंघोळ, कपडे बदलायचे, मगच स्वयंपाकघरात पाऊल. काकू आम्हाला म्हणाल्या, "सासूबाई गेल्या, पण यांना सोवळं शिकवू शकल्या नाहीत. उवांनी आठवड्यात शिकवलं!"

* * *

तिकडे सुभेदाराचे पाय सुधारत होते. मग मॅडमनी सगळ्या कोंबड्यांना जंतांचं औषध दिलं आणि बजावलं, "मी सांगेपर्यंत यांची अंडी खायची नाहीत आणि कोंबडाही कापायचा नाही."

हे ऐकून नानांचा चेहरा असा उजळला, की लॉटरी लागलेल्या माणसाचाही उजळणार नाही!

इगतपुरीहून जावई आला. वहिनींनी खोबरं काढलं. नाना म्हणाले, "औषध चालूये त्याचं." जावयाने पिठलं खाल्लं. विहीणबाई आल्या. औषध चालू होतं. यात्रेला भाचा आला, तेव्हाही चालूच होतं. सुभेदार इतका ठणठणीत झाला होता, की त्याने भाच्याला गल्लीच्या टोकापर्यंत पळवलं. भाचा धापा टाकत म्हणाला, "मामा, याला नक्की झालंय तरी काय?"

"पोटाचं आहे," नाना गंभीरपणे म्हणाले.

आणि मग भाजीबाजारात मंदावहिनींना डॉक्टर मॅडम भेटल्या. "जंतांचं औषध? अहो, ते तर केव्हाच संपलं. पायही बरे झालेत. आता अधूनमधून तेलाचा हात फिरवला तरी पुरे."

वहिनी घरी येऊन काहीच भांडल्या नाहीत. भाजी निवडता निवडता एवढंच म्हणाल्या, "रविवारी सटाण्याहून दादा येतोय. आणि मला मॅडम भेटल्या होत्या."

* * *

रविवारी सकाळी नानांनी सुभेदाराला हातावर बाजरी खाऊ घातली आणि माझ्याकडे येऊन परसाकडे पाठ करून बसले. चहा तसाच निवला. मला फार वाईट वाटलं, पण कोंबड्याबद्दल सांत्वन कसं करतात ते आम्हा कोणाला ठाऊक नव्हतं.

खैरनार म्हणाले, "नाना, अजून येळ हाय. माझ्याकडं लपवू."

"तुमच्याकडे घसरून मरेल," नाना म्हणाले.

दुपारी वहिनींनी सगळ्यांना जेवायला बोलावलं. कुलकर्णींसाठी वेगळं भरलं वांगं होतं. दारातच काळ्या मसाल्याच्या रश्श्याचा वास आला आणि नानांनी मान खाली घातली. पानावर बसले, पण भाकरीचा तुकडा मोडेनात. समोर वहिनींचे दादा नळी चोखत होते.

"दाजी, खा ना! मी निंघताना फोन करा तवय ताई बोलनी, कोंबडानं औषध चालू शे. येता येता दुकानवरथीन चिकन ली ये."

नानांनी वर बघितलं. तेवढ्यात मागून सुभेदाराने अशी बांग दिली, की ताटं वाजली!

नाना भरल्या पानावरून उठून परसात धावले. मागोमाग आम्ही. सुभेदार सरपणाच्या ढिगावर ऐटीत उभा होता आणि त्याचे पाय उन्हात लखलखत होते. नानांनी त्याला उचललं, पाय नाकाशी नेले. आम्ही चार पावलं मागे होतो, तरी वास आला. मोगरा!

नानांनी स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघितलं. वहिनी पाठमोऱ्या उभ्या राहून रस्सा वाढत होत्या. किल्ली कमरेलाच होती.

"बघत काय बसलाय? हात धुऊन या. गार होतंय सगळं!"