गेजवरची जुनी खाच

आर्वीत माझं गॅरेज आहे आणि मी तापट माणूस आहे, हे दोन्ही गावाला माहीत आहे. जे माहीत नाही ते आता सांगतो, कारण पोटात ठेवून ठेवून माझं पोट सडलं आहे.

आमच्या जिनिंगवाल्या शेठकडे एक नाकवाला ट्रक होता. पुढे लांब बोनेट असलेली जुनी गाडी, शेठच्या वडिलांनी घेतलेली. सरकीचे कट्टे घेऊन तळेगावच्या तेलगिरणीपर्यंत जायची आणि परत यायची, बस. ती चालवायचे काकाजी. सगळं आवार त्यांना काकाजीच म्हणायचं. तीस-बत्तीस वर्षं एकच गाडी अन् एकच सीट. "माह्या हातानं इंजिन कधी बसलं नाई," हे त्यांनी इतक्यांदा ऐकवलं होतं की माझे कान किटले होते.

इंजिनात तेल किती आहे ते पाहायची जी लांब पट्टी असते, तिला आम्ही गेज म्हणतो. तिच्या खालच्या टोकाजवळ एक खाच असते. तेल त्या खाचेच्या खाली गेलं तर गाडी हलवायची नाही. बाकीचे ड्रायव्हर गेज उजेडात धरून बघतात. काकाजी कधी बघायचे नाहीत. गेज पुसायचं, आत घालायचं, बाहेर काढायचं आणि टोकाकडून वर अंगठ्याचं नख ओढत न्यायचं. नख खाचेत अडकलं की तिथली ओल बोटानं चाचपायची. आम्ही हसायचो. ते म्हणायचे, "डोयाले उजेड लागते बाप्पा, नखाले काय लागते?" मीटरवरचा ऑइलचा काटा कधीचाच मेला होता, त्यामुळे गाडीची सारी भिस्त त्या नखावर होती.

इंजिन म्हातारं झालं होतं. बॅक कॉम्प्रेशन मारायचं, म्हणजे आत कोंडलेली हवा मिळेल त्या भोकातून बाहेर यायची. गेजच्या नळीचं तोंड तडकलेलं. तिथून तेल उडायचं, तापल्या सायलेन्सरवर पडायचं आणि केबिनमध्ये निळा धूर भरायचा. खरा इलाज म्हणजे इंजिन खोलून रिंगा बदलणं. पण शेठला ती गाडी नागपूरला जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात न्यायची होती, अन् तीही लगेच. "तेलाचा एक थेंब दिसला नाई पाह्यजे," म्हणाले.

मी नळीचं तडकलेलं तोंड कापून टाकलं. तिथं पितळेचा बुश, म्हणजे छोटं नळकांडं, बसवला, त्याला आटे पाडले, रबरी रिंग घालून फिरकीचं टोपण केलं आणि गेज त्या टोपणालाच झाळून टाकलं. टोपण आवळलं की हवाबंद. तासभर इंजिन चालवून पाहिलं, थेंब नाही. माझी छाती फुगली, खोटं कशाला बोलू!

फक्त एक झालं. नळी आखूड झाल्यानं गेज पहिल्यापेक्षा एक बोट खोल जायला लागलं. जुनी खाच टोकापासून दोन बोटांवर होती. मी कानशीनं तीन बोटांवर नवी पाडली. जुनी बुजवायची तेवढी राहिली होती.

तेवढ्यात काकाजी गाडी न्यायला आले. मी रामराम केला, त्यांनी जयभीम केला. बुशावरून बोट फिरवून चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, "वा रे वा! नवरी तं झकास सजवली तुनं. पन नवरी बिमार हाय ना बाप्पा. हवा कोंडली, बिमारी तं आतच राह्यली."

लोक हसले. काकाजी बरोबर बोलत होते, म्हणूनच माझं डोकं फिरलं. "न्या तुमची गाडी," म्हणालो आणि किल्ली बोनेटवर आपटली. खाचेचं सांगायचं होतं. ओठापर्यंत आलं होतं. पण म्हटलं, लय शहाणे आहेत ना, घेतील पाहून. पुढच्या खेपेला गाडी आली की बुजवून टाकू.

दोन हप्त्यांनी तळेगावकडच्या चढावर इंजिन पकडलं, जागच्या जागी जाम. रॉड तुटला आणि ब्लॉक फोडून बाहेर आला. त्या गाडीचा ब्लॉक आता भंगारातही सापडत नाही, म्हणजे गाडी मेलीच. टोचन करून, दुसऱ्या गाडीला बांधून ओढत, ती माझ्या आवारात आणून टाकली. शेठचा फोन आला, "तासाभरात येतो, त्या ड्रायव्हरले घेऊन."

मी सगळ्यात आधी गेज ओढलं. टोकाला जेमतेम ओल. त्याच्या वर दोन खाचा. टोकाकडून नख नेलं तर आधी लागते ती जुनी. काकाजी दोन हप्ते त्या जुन्या खाचेवर नख टेकवून, तेल भरपूर आहे म्हणून निघत होते आणि इंजिन एक बोट कमी तेलावर धावत होतं.

आणि मग मी काय केलं? जुन्या खाचेत झाळायचा डाख वितळवून भरला. कानशीनं सपाट केला. चकाकू नये म्हणून जळकं तेल लावून गेज तापवलं, पुसलं, परत तापवलं. एवढं साफ काम मी जन्मात केलं नव्हतं. हरामखोरी करताना हात कसा नीट चालतो माणसाचा!

शेठ आले ते ओरडतच. "तेल न पाह्यता गाडी काढली तुमी!"

"पाह्यलं मालक," काकाजी म्हणाले. "आज सकाळीच पाह्यलं. खाचेच्या वर होतं."

"दाखवा."

काकाजींनी गेज हातात घेतलं. टोकावर नख ठेवून वर नेलं. दोन बोटांवर थांबले. मागे आले, पुन्हा नेलं. तिसऱ्यांदा डोळे मिटून नेलं. नख सरळ वर गेलं आणि तीन बोटांवर अडकलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"खाच वर कशी गेली?"

"नळी कापली ना काकाजी. म्हणून वर पाडली."

"अन् जुनी?"

"बुजवली."

"कवा?"

"तवाच," मी म्हणालो.

एवढं एकच खोटं. पण त्यानं सगळं फिरलं. जुनी खाच तेव्हाच बुजली असेल तर नख नव्या खाचेवरच अडकायला हवं होतं, अन् वेगळं सांगायची मला गरजच नव्हती. शेठ माझ्या नात्यातले, काकाजी बौद्धपुऱ्यातले. त्या आवारात माझा शब्द कोणी तपासणार नाही, हे मला ठाऊक होतं.

"मंग दोन हप्ते मी नख कायले टेकवून राह्यलतो?" काकाजी हळूच म्हणाले. ते मला विचारत नव्हते. बराच वेळ अंगठा पाहत राहिले. मग मान वर करून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "चूक माही हाय मालक. माहा हात फसला. सवयीनं नसलेली खाच लागली मले."

शेठनी त्यांना तिथल्या तिथे कामावरून काढलं. मी पाने-पकडी पुसत उभा होतो.

त्यानंतर काकाजींनी कोणतीच गाडी हातात धरली नाही. वर्ध्याला लेकाकडे राहायला गेले. चार वर्षं मी बायकोवर खेकसलो, गिऱ्हाइकांवर खेकसलो आणि काकाजींचं नाव निघालं की उठून जायचो. शेवटी गेल्या दिवाळीनंतर एक दिवस एसटीत बसलो आणि वर्धा गाठलं.

काकाजी पलंगावर बसून गोळ्या घेत होते. तळहात बायकोपुढे, आमच्या काकूंपुढे धरला. "किती हाय?"

"दोन."

"पक्कं पाह्य."

काकू मला म्हणाल्या, "असंच चालते भाऊ. दाराची कडी याइनंच लावली तरी मलेच पाहाले लावते. गॅस बंद केला का, नळ बंद केला का. आपल्या हातावर भरोसाच नाई राह्यला याइचा."

मला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. मी खाली सतरंजीवर बसलो आणि सगळं सांगितलं. किल्ली आपटली ते, दोन खाचा होत्या ते, डाख भरला ते. "तुमचं नख बरोबर होतं काकाजी. खाच होती. मी खोटं बोललो." शेवटी रडायलाच आलं.

काकाजी ऐकत होते. मग हसले. काकूंना म्हणाले, "पाह्य, आर्वीहून मले समजवाले आला. चहा ठेव याच्यासाठी."

"काकाजी, खरं सांगून राह्यलो मी!"

"त्या दिवशी मी सोता नख फिरवलं ना. एकच खाच होती. अन् तू काऊन खोटं बोलशीन? तापट हायेस, पन तसा मानूस नाईस तू."

"तसाच आहो मी. आईची शपथ!"

त्यांनी माझं मनगट पकडलं. हसू गेलं होतं. "आइक. गाडी गेली, काम गेलं. पन चूक झाली तं चार लोकायत कबूल केली मी, कोनाच्या मांगं लपलो नाई. हे माह्या नातवाले मी सांगतो. तेवढंच हाय आता माह्यापाशी. ते नको नेऊ बाप्पा."

काकूंनी चहा आणला. मी बशीत ओतून प्यायलो.