सोनीबाईच्या बलिया

बोरी अरबच्या अलीकडं आमचा बंजाऱ्यांचा तांडा. माही सासू सोनीबाई, तिले आम्ही याडी म्हणतो, म्हणजे माय. कापूस वेचायले तिच्या ओळीत कोणी टिकत नव्हतं. साठीतही ती पुढं अन् आम्ही सुना मागं. मंग तिचे गुडघे गेले. डॉक्टरनं सांगतलं, वजन उचलू नका, उकिडवं बसू नका. याडी म्हणे, मंग काय पाळण्यात झोपू?

अशात राजदीप आला. यवतमाळचा, पांढरा शर्ट, गाडीभर डबे. देवळापुढं शिबिर लावलं त्यानं. गुडघेदुखीच्या पावडरीचा हिरव्या झाकणाचा डबा, वर पानाचं चित्र. शंभर टक्के जडीबुटी म्हणे, औषध नाहीच, मंग नुकसान कायचं? आत काय घातलं ते डब्यावर कुठंच लिहिलं नव्हतं. मी विचारलं, तर म्हणे, वहिनी, ऋषीमुनी काय लेबलं लावत होते का? समदे हसले. मीही हसली, त्याचाच मले आजही राग येते.

पावडर खाऊन आठ दिवसांत याडी वावरात. चार महिन्यांत तोंड गोल, गाल लाल, मान भरली. बाया म्हणत, सोनीबाई अंगावर आली, सुख लागलं तिले. राजदीपनं तिचा फोटो काढून फ्लेक्सवर छापला. आधीची हडकुळी सोनीबाई, बाजूले गोल सोनीबाई. सुजेले आम्ही तब्येत म्हणून राह्यलो होतो, असे आम्ही बयताड!

पायावर बोट दाबलं तर खड्डा पडे. हातातल्या बलिया रुतून बसल्या. या पांढऱ्या बांगड्या आमच्या जुन्या बाया लग्नात घालतात, अन् नवरा असेपर्यंत उतरवत नाहीत. मी बोंबलली, तर याडीनं मलेच ऐकवलं, माह्या तब्येतीवर जळतं का वं? एक दिवस असा संताप आला, की डबा उचलला अन् नालीत उपडा केला. बरं केलं, असं वाटलं मले.

तिसऱ्या दिवशी याडी उलट्या करत वावरात पडली. अंग गार, बोलणं बंद. गाडी करून यवतमाळले नेलं. डॉक्टरबाईनं विचारलं, कोणती औषधं चालू आहेत? माहा सासरा डोंगरसिंग म्हणे, एकही नाही. खोटं नाही बोलला तो. आमच्या लेखी पावडर हे औषधच नव्हतं ना!

सुईले शीर सापडेना. हात सुजलेला, त्यावर बलियांचा पहारा. नर्स म्हणे, कापाव्या लागतील. सासरा भिंतीले टेकला. मंग म्हणाला, "काप बाई. ती राह्यली तर बलिया."

तेव्हा कुठं माही जीभ उचलली. पावडर सांगतली, नालीतला डबाही सांगतला. डॉक्टरबाई म्हणाली,

"त्यात स्टेरॉइड मिसळलेलं असणार. रोज बाहेरून मिळालं की शरीर स्वतःचं बनवणं सोडून देतं. असं एकदम बंद केलं तर माणूस जातं."

म्हणजे खाल्लं तरी मरण, सोडलं तरी मरण. अन् सोडवणारी मी. असा कोणता ऋषी असते रे मेल्या?

याडी वाचली. दवाखान्यात त्याच औषधाच्या गोळ्या दिल्या अन् हळूहळू कमी केल्या, तोंड उतरलं, गुडघे पुन्हा धरले. दिवाळीनंतर राजदीप तोच फ्लेक्स घेऊन पुन्हा आला. बाया ओळीत उभ्या. याडी काठी टेकत गेली अन् कापलेल्या बलियांचे तुकडे त्याच्या टेबलावर ओतले.

"माहा नवरा जित्ता हाय, अन् हात उघडा," ती म्हणाली. "याचाही फोटो काढ. लाव बाजूले."

तो डबे आवरू लागला. ओळीत पहिली होती कोकिळा, माही जाऊ. दोन महिन्यांपासून खात होती, आम्हाले लपवून. घाबरून तिनं पिशवीतला डबा नालीकडं फेकायले हात उचलला. तिचे गोल गाल मले तेव्हा दिसले.

याडीनं तिचं मनगट धरलं. "फेकू नको," म्हणाली, "डबा घे अन् दवाखान्यात चाल."

ओटीत लेकरू घ्यावं तसा तो डबा कोकिळेनं पदरात धरला अन् आम्ही एसटीत बसलो. त्या हरामखोराचं जहर आम्हाले असं जपून न्या लागलं.