भिंतीपलीकडची ओसरी

ते घर मी पुण्यात बसून, फोटो आणि मोजमापं मागवून आखलं होतं. कूलरशिवाय थंड राहणारं, हिवाळ्यात उन्हानंच ऊब घेणारं घर. ते बांधून झाल्यावर ऐन मे महिन्यात मी बघायला निघालो. कौतुक ऐकायची हौस होती, दुसरं काय!

पांढुर्ण्याला उतरून ऑटो केली. तिगावच्या अलीकडे संत्र्यांच्या बागा लागल्या आणि दुरूनच चुन्याची पांढरीशुभ्र भिंत दिसली. पश्चिमेचं ऊन आत शिरू नये म्हणून तिला मी एकही खिडकी ठेवली नव्हती. दार सापडेना, तेव्हा समोरच्या कौलारू घराच्या ओसरीत बसलेल्या म्हाताऱ्या गृहस्थांना विचारलं, "विजयरावांचं घर हेच ना? ते मीच आखलंय."

त्यांनी मला नीट न्याहाळलं. "मी त्याचा मोठा भाऊ. म्हणजे हे भिंत तुमची हाय? मले वाटे, विजयनंच आमच्याकडं पाठ केली."

मी घाईघाईनं उन्हाच्या दिशा समजावू लागलो. त्यांनी शांतपणे ऐकलं. "समजलं. पण चार वाजता इथं येऊन बसा जी."

विजयरावांच्या घरात खरोखर गारवा होता. त्यांच्या पत्नी मायाताईंनी भाकर, चून (पिठलं) आणि कैरीची चटणी वाढली. "साहेब, बाहेर आग लागून राहिली, अन् इथं पंखाही नाही लागत," विजयराव खुशीत म्हणाले. मी मोठ्या भावाचा विषय काढला. मायाताईंचा वाढता हात थांबला. "वास्तूलेही नाही आले. काहून, ते सांगत नाहीत."

मी भराभर जेवण आटोपलं.

चार वाजता विजयरावांना घेऊन मी त्या ओसरीत गेलो. ऊन भिंतीवर आदळून थेट आमच्या तोंडावर येत होतं. डोळे उघडे ठेवता येईनात. थोरल्या वहिनींनी जुन्या साड्यांचे पडदे बांधले होते, तरी जमीन तापलेली. "मी तर दुपारची गोठ्यातच बसते," त्या म्हणाल्या.

विजयराव घामानं निथळत उभे होते. "दादा, बोलला काहून नाही?"

"तुह्या नव्या घराले नावं कायले ठेवू?"

मी माफी मागितली. वहिनींनी पाण्याचा तांब्या पुढे केला. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. भिंतीवर वेल चढवू, असं मी सुचवलं, तर त्या साधेपणानं म्हणाल्या, "वेल चढेपर्यंत उन्हाळा निघून जाईन."

विजयरावांनी मग रोपांवरची हिरवी जाळी आणली. दोघा भावांनी मिळून ती अंधार पडायच्या आत भिंतीवर ताणली. फारसं बोलले नाहीत, पण एक टोक दादांच्या हातात होतं.

पुण्याला आल्यावर ऑफिसात सगळ्यांनी फोटो मागितले. दक्षिणेचे छज्जे, जाड भिंती, थंडगार फरशी, सगळं दाखवलं. वाहवा झाली. कुणीतरी विचारलं, "आणि पश्चिमेकडून कसं दिसतं?" तिथून मी एकही फोटो काढला नव्हता. त्या ओसरीत उभं राहून कॅमेरा वर करायचा माझा धीर झाला नव्हता.