रुंद चाकं

परवा सिलतऱ्याकडे जाताना जळक्या रबराचा वास आला आणि मला माझी पहिली गाडी आठवली. गाडी जुनीच होती, पण हौसेनं मी तिला रुंद अलॉय चाकं बसवून घेतली होती. मिस्त्री म्हणाला होता, "भैया, पीछे लोग बैठेंगे तो शॉकअप दबेगा, टायर घिसेगा." मी ऐकलं नाही, एकटा फिरायचो तेव्हा काही घासतही नव्हतं. मग एका रविवारी आईला पुढे आणि बाबा-मावशीला मागे बसवून अभनपूरला साखरपुड्याला निघालो, आणि पुरानी बस्तीतल्या पहिल्याच ब्रेकरवर मागचं चाक मडगार्डला खर्रकन घासलं, जळक्या रबराचा वास आला. पुढचा ब्रेकर दिसला तसे बाबा म्हणाले, "थांब, मी उतरतो." "काहून?" मी विचारलं. "वजन कमी होईन ना. नवे टायर आहेत तुहे." मी नको म्हणेपर्यंत ते उतरलेही. मी ब्रेकर ओलांडून गाडी थांबवली, तर दुखऱ्या गुडघ्यावर हात ठेवून ते मागून लंगडत येताना आरशात दिसले. अभनपूर येईपर्यंत प्रत्येक ब्रेकरला त्यांनी हेच केलं. मावशीला हसू आवरेना, आणि मला आरशात बघवेना. दुसऱ्याच दिवशी मी जुनी चाकं परत लावून आणली. बाबा फाटकाशी येऊन म्हणाले, "काहून काढले? चांगले दिसून राहिले होते." "घासत होते," एवढंच मी बोललो. खरं कारण सांगायचं राहूनच गेलं. आता त्यांना कमी ऐकू येतं, म्हणजे ते मोठ्यानं सांगावं लागेल, आणि तेवढं मोठ्यानं मला ते सांगता येत नाही.