पासपोर्टची चौकशी
नातीचा नवा पासपोर्ट काल हातात घेतला आणि त्याच्या कोऱ्या वासानं मला लातूरच्या घरात नेऊन उभं केलं. जिल्हा नवाच झाला होता, त्यात दुष्काळ; नळाला आठ-आठ दिवस पाणी नसायचं. मी नर्स होते. मस्कतच्या दवाखान्यात माझी नोकरी ठरली होती आणि देगलूरचा, दुसऱ्या जातीचा एक फिटर माझ्या आधीच तिथं पोचला होता. तिकडंच दोन साक्षीदारांसमोर लग्न करायचं, घरी नोकरीचं आणि लग्नाचं दोन्ही मागाहून पत्रानं कळवायचं, असं आमचं ठरलं होतं. पासपोर्टच्या चौकशीला पोलीस घरी येतो, हे मात्र आमच्या ध्यानात आलं नव्हतं. अप्पा, म्हणजे माझे वडील, दुकानात होते. "पोरगी मस्कतला चाललीय, घरात ठाऊक हाय ना?" पोलिसानं आईला विचारलं. आईनं एकदा माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "हाव, आम्हीच तर पाठवायलोय." तो गेल्यावर तिनं हळूच विचारलं, "पोरगा चांगला हाय ना?" मी मान डोलावली. "मग तू गेल्यावर अप्पाला मी सांगते." तिनं सांगितलंही. त्यानंतर अप्पा तीन वर्षं तिच्याशी बोलले नाहीत, हे मला आई वारल्यावर बहिणीकडून कळलं. त्या तीन वर्षांतली तिची पत्रं मी आता पुन्हा वाचते; प्रत्येकात 'इकडं सगळं बरं आहे' असंच लिहिलंय.