टाळ्यांच्या जोरावर मोडलेला खुबा

डॉक्टरांनी एमआरआयची फिल्म उजेडावर धरली, मग माझ्याकडे बघून विचारलं, "तुम्ही इथे चालत आलात?"

"हो. जिना चढून आले," मी म्हणाले. त्यात थोडी ऐटही होती, खोटं कशाला बोलू? आमच्या धावण्याच्या ग्रुपमध्ये लिफ्ट वापरणं कमीपणाचं समजतात.

त्यांनी आधी व्हीलचेअर मागवली आणि मगच बोलले. "फिमोरल नेक स्ट्रेस फ्रॅक्चर." फिमर म्हणजे मांडीचं हाड. त्याच्या वरच्या टोकाला खुब्यात बसणारा गोळा असतो, आणि त्या गोळ्याला धरून ठेवणारी मान असते. माझ्या त्या मानेला चीर गेली होती. मी पडले नव्हते, कुठे आपटले नव्हते. तोच भार पुन्हा पुन्हा पडून हाड चिरलं होतं.

"चीर वरच्या बाजूला आहे. हाड सरकलं तर गोळ्याचा रक्तपुरवठा तुटेल आणि खुबा बदलावा लागेल," डॉक्टर म्हणाले. "यावर तुम्ही धावत होतात?"

धावत होते. का, ते सांगण्यासाठीच हे लिहिते आहे.

मी एव्हरशाईन सिटी या मोठ्या वसाहतीत राहते. चाळिशी उलटल्यावर शुगर बॉर्डरवर आली म्हणून सोसायटीखाली जमणाऱ्या ग्रुपबरोबर पळू लागले. आमच्या ग्रुपची एक रीत आहे. पहाटे कोणी खाली उतरलं नाही, की बाकीचे तिच्या बिल्डिंगखाली उभे राहून टाळ्या वाजवतात. ती उतरेपर्यंत थांबत नाहीत. सोसायटीचे लोक खिडक्या उघडून बघायला लागले, की माणूस लाजेने तरी बूट घालतं. पहिल्यांदा माझ्यासाठी टाळ्या वाजल्या तेव्हा माझे डोळे भरून आले होते. लग्नातल्या अक्षतांनंतर माझ्या नावाने कोणी टाळी वाजवलेली मला आठवत नाही.

ग्रुपचे कर्तेधर्ते परुळेकर सर. नोकरी विम्याच्या ऑफिसात, पण पहाटे तेच आमचे कोच, तेच आहारतज्ज्ञ आणि तेच हाडांचे डॉक्टर. हाफ मॅरेथॉनची तयारी चालू असताना माझ्या उजव्या जांघेत दुखू लागलं. सर म्हणाले, "मॅडम, हिप टाइट झालाय. धावून धावून मोकळा होईल." एकीने तेल सांगितलं, दुसरीने पट्टी, तिसऱ्याने निघण्याआधी घ्यायची गोळी. "एक दिवस थांब" एवढं मात्र कोणालाच सुचलं नाही.

ते माझ्या नवऱ्याने सांगितलं. उभं राहून मला सलवार घालता येईना, हे दिलीपने पाहिलं आणि म्हणाला, "अगं, बस की जरा घरात." असं बोलणाऱ्या नवऱ्यांना आमच्या ग्रुपमध्ये स्पीडब्रेकर म्हणतात. मीही हसून तेच म्हटलं.

त्याच्या समाधानासाठी एक्स-रे काढला. त्यात काही दिसलं नाही. हे नीट लक्षात ठेवा: अशी चीर सुरुवातीला एक्स-रेत बरेचदा दिसत नाही. मला ते ठाऊक नव्हतं आणि सरांनाही नव्हतं. पण त्यांनी रिपोर्ट ग्रुपवर टाकला. "हाड एकदम ओके. आता दुखणं फक्त डोक्यात आहे." त्याखाली अंगठ्यांची रांग लागली.

रविवारी चिंचोटीपर्यंतची लांब धाव होती. परतताना पाय टेकवला की डोळ्यांपुढे अंधारी यायची. मी लंगडत होते आणि बाकीचे माझ्या दोन्ही बाजूंनी टाळ्या वाजवत चालले होते. आज आठवलं की माझं रक्त उकळतं. ती सगळी चांगली माणसं आहेत. एकानेही रिक्षा थांबवली नाही.

त्या रात्री कूस बदलताना मी ओरडले. दुसऱ्या दिवशी दिलीपने कोणाला न विचारता एमआरआयची वेळ घेतली.

खुब्यात स्क्रू बसवले. कित्येक आठवडे उजवा पाय जमिनीला लावायचा नव्हता. बेडपॅन, वॉकर, दिलीपच्या खांद्याला धरून आंघोळ. "मी सांगितलं होतं" हे त्याने एकदाही म्हटलं नाही. त्याचे उपकार मी कसे फेडणार?

ग्रुप भेटायला आला तो शर्यतीचं मेडल घेऊनच. सरांनी माझ्या नावचं मागून आणलं होतं. ते त्यांनी वॉकरला अडकवलं आणि म्हणाले, "चीर गेलेल्या हाडावर धावलात, मॅडम. मी नवीन मुलींना तुमचंच उदाहरण देतो."

मी म्हटलं, "द्या की. स्क्रूसकट द्या."

त्यांना ती माझी जिद्द वाटली.

आता मी काठी घेऊन चालते. गोळ्याचा रक्तपुरवठा शाबूत आहे की नाही, हे कळायला अजून बराच काळ जावा लागेल, असं डॉक्टर म्हणतात. तुम्ही धावत असाल तर एवढंच ऐका. एकाच जागी, हाडात, धावल्यावर वाढणारं आणि रात्रीही न सोडणारं दुखणं असेल तर थांबा आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. ग्रुपला विचारू नका.

मागच्या आठवड्यात पहाटे पुन्हा टाळ्या ऐकू आल्या. या वेळी तिसऱ्या मजल्यावरच्या मनीषासाठी होत्या. तिची नडगी दुखते हे मला ठाऊक होतं. मी काठी टेकत खाली गेले. ती लंगडतच येत होती.

"रात्री दुखतं का गं?" मी विचारलं.

"थोडंसं. पण सर म्हणतात..."

"मॅडम, तिला निगेटिव्ह करू नका," सर मध्येच म्हणाले.

मनीषाने माझ्या काठीकडे पाहिलं, मान खाली घातली आणि त्यांच्याबरोबर गेली. टाळ्या पार गेटपर्यंत ऐकू येत होत्या. मी तिथेच उभी होते.

परवा संध्याकाळी दाराची बेल वाजली. मनीषा होती, लिफ्टने आलेली. "तुझे डॉक्टर किती वाजेपर्यंत बसतात?" तिने विचारलं.

मी चपला घातल्या. आम्ही दोघी लंगडत रिक्षा स्टँडपर्यंत गेलो. वाटेत तीनदा थांबलो. टाळ्या वाजवायला कोणी नव्हतं, म्हणून नेमकं कुठे दुखतंय ते तिला पहिल्यांदाच नीट सांगता आलं.