मडमेच्या पेटीतली काणी

लग्न होऊन मी धानोऱ्याला आले तेव्हा मी सतरा वर्षांची होते आणि मला जगातलं सगळं कळत होतं. पुढे वय वाढत गेलं तसं ते कळणं कमी होत गेलं. आता तर फारच थोडं शिल्लक आहे. पण त्या वर्षी मी चार यत्ता शिकलेली, कपाळावर रुपयाएवढं कुंकू रेखणारी बाई होते आणि अख्ख्या गावात माझ्याइतकं शहाणं कुणी नाही असं माझं स्वतःचं मत होतं. दुसऱ्या कुणाचं तसं मत असल्याचं आठवत नाही.

आमचे हे शेतकी खात्यात होते. गावोगाव जाऊन पेरणीच्या आधी बियाण्याला औषध कसं चोळायचं ते दाखवायचं, हे त्यांचं काम. एका पावसाळ्याच्या शेवटी त्यांना वरून हुकूम आला, की परदेशातून एक मडम येते आहे, ती जवारीवरच्या रोगाचा शोध घेते, दोन महिने धानोऱ्यात राहील, तिची व्यवस्था बघा. ह्यांनी तो कागद मला तीनदा वाचून दाखवला आणि तिन्ही वेळा ‘मडम’वर येऊन थांबले. शोध घेणारी बाई कशी असेल, लिहिणाऱ्याची चूक झाली असेल, असं त्यांना वाटत होतं. मडम नंदुरबार टेसनावर उतरली तेव्हाही ते तिच्या मागे साहेब शोधत होते म्हणे.

ती इंग्रज नव्हती. कुठली होती ते तिनं मला पुष्कळदा सांगितलं, अंगणात काडीनं नकाशा काढून, मधे समुद्र, वर डोंगर, त्याच्याही वर बर्फ. मी दरवेळी मान हलवली. तो देश मला आजतागायत सापडलेला नाही. मराठी ती बोटीवर पुस्तकातून शिकली होती. आमची म्हैस आडवी आली की ती म्हशीला म्हणायची, “आपण कृपा करून बाजूला व्हावे.” तिचं ते मराठी गावाला उमजेना, गावाची अहिराणी तिला उमजेना. ह्यांना परक्या बाईबरोबर वावरावावरातून, शेताशेतातून हिंडायची लाज वाटायची. मग ठरलं, की सुनेला बरोबर पाठवा. सासूबाई तयार झाल्या, कारण हुकूम सरकारी होता आणि घरात मी फारशी उपयोगाची नव्हते.

आता काणी म्हणजे काय ते सांगायला हवं. जवारीचं कणीस भरतं, पण काही कणसांत दाण्याच्या जागी राखाडी बोंडकी येतात. चिमटीत दाबली की फुटतात आणि आत नुसती काळी भुकटी. ती काणी. आमच्याकडे समज असा, की ज्याच्या वावरात काणी त्याच्या घरात आळस. सोयरीक बघायला आलेला पाहुणा चहाच्या आधी बांधावरून एक चक्कर टाकायचा. म्हणून मालकमंडळी कापणाऱ्यांकडून काणी बाजूला काढवून आपल्याच बांधाच्या आतल्या अंगाला फेकवायची आणि खळं उरकलं की निवांत जाळायची. बोलायचं कुणी नाही. सगळ्यांच्या वावरात असायची आणि कुणाच्याच नसायची.

आणि ही बाई समुद्र ओलांडून नेमकी त्याच्यासाठी आलेली. भरलेल्या, मोत्यासारख्या कणसांकडे ढुंकून बघायची नाही. काणीचं कणीस दिसलं की गुडघ्यावर बसायची, गळ्यातलं भिंग डोळ्याला लावायची आणि तिचा चेहरा असा उजळायचा की मला दुसरीकडे बघावंसं वाटायचं. एकदा तिनं ती भुकटी जिभेवर ठेवली. मी त्या दिवशी घरी येऊन काही सांगितलं नाही, सासूबाईंनी तिचं ताट वेगळं केलं असतं. ते आधीच वेगळं होतं, आणखी वेगळं केलं असतं.

तेरा वावरांत ह्यांच्या भिडेखातर लोकांनी तिला शिरू दिलं. काणीच्या काही निवडक कणसांच्या देठाला ती लाल दोऱ्यानं नंबराचं पुठ्ठ्याचं चकतं बांधायची. पूर्ण पिकेपर्यंत हात लावायचा नाही. मग ती कणसं कागदी पिशव्यांत घालून पत्रा मारलेल्या एका लाकडी पेटीतून तिच्या देशाला न्यायची. तिच्या संस्थेनं तिला एकदाच धाडलं होतं, पुन्हा धाडणार नव्हती. एका संध्याकाळी ती पेटीवर हात ठेवून मला म्हणाली, “ही रिकामी गेली, तर माझी पुढील सर्व वर्षे रिकामी.” मी हो म्हटलं. मला वाटलं, बिचारीला मूलबाळ नाही, म्हणून असं बोलते.

कणसं पिकत आली आणि मडमेला तळोद्याकडच्या डोंगरातली जवारी बघायला आठ दिवस जायचं ठरलं. हे बरोबर गेले. जाताना तिनं मला पिशव्या दिल्या, कात्री दिली आणि नंबर बांधलेली कणसं एकेक कापून ठेवायला सांगितलं. परत आली की चार दिवसांनी तिची गाडी होती, पुढे मुंबईहून बोट.

पहिल्याच दिवशी मी सात-आठ कणसं कापून ओट्यावर मांडली. सासूबाई आल्या, शेजारच्या दोघी आल्या. सगळ्या बघत उभ्या राहिल्या. कुणीतरी विचारलं, हे तिकडं गेल्यावर उघडतील का. मी म्हटलं, उघडतीलच, मोठमोठे विद्वान बघतील. सासूबाई म्हणाल्या, “आपला घरनं वंगाळ दुन्याले कसाले दखाडानं?”

मला खरंच वाटलं, की घरचं वंगाळ जगाला दाखवू नये, हे मला आधी कसं सुचलं नाही. पाहुणी दोन महिने राहिली, निघताना तिची ओटी भरायची, आणि तिच्या पेटीत आपण सडकं घालून देतो आहोत. बिचारीला जवारीतलं कळत नाही. लहानपणापासून बर्फात वाढलेली, चांगलं कणीस तिनं बघितलंय कुठं?

पुढचे सहा दिवस मी अशी राबले की सासरी त्याआधी राबले नव्हते. घरोघर जाऊन प्रत्येक वावरातलं सगळ्यात टपोरं कणीस मागून आणलं. लोकांनी आनंदानं दिलं. एकानं तर दोन दिवस वावरात हिंडून निवडलं. मग काणीच्या कणसाचं चकतं सोडून त्याच वावरातल्या चांगल्या कणसाला बांधलं, एकही नंबर इकडचा तिकडे होऊ दिला नाही. त्या नंबरांचा मला फार अभिमान होता. वर प्रत्येकीनं हळदीचं बोट लावलं. काणी मी चुलीत घातली. तिच्या धुरानं आम्ही सगळ्या खोकलो आणि हसलो.

मडम परत आली ती उन्हानं लालबुंद होऊन. हातपाय धुवायच्या आधी तिनं पिशव्या मागितल्या. मी मागे उभी राहिले, पदर सावरून, कौतुक करून घ्यायला. तिनं पहिली पिशवी उघडली, कणीस हातात घेऊन फिरवलं. दुसरी उघडली. तिसरी. हे ओट्याच्या कडेला बसले होते, तिसऱ्या पिशवीला ते उठून उभे राहिले.

“फार सुंदर आहेत,” ती म्हणाली. “आजारी कुठे आहेत?”

“जाळली,” मी म्हटलं.

मला ओरडा अपेक्षित होता, निदान एखादी वस्तू आपटलेली. ह्यांनी तोंड उघडलंच होतं, पण तिनं हात वर केला. ती उठून चुलीपाशी गेली. आमच्या चुलीपाशी ती त्याआधी कधी गेली नव्हती, सासूबाई जाऊ देत नव्हत्या. त्या दिवशी त्यांनीही अडवलं नाही. ती वाकली, राखेत दोन बोटं फिरवली. मग विचारलं, का. मी म्हटलं, लाज वाटली. ती म्हणाली, “कोणाची?” जवारीची म्हणावं, तर जवारीला कसली लाज. आमची म्हणावं, तर तिनं आम्हाला कधी हसलेलं नव्हतं.

त्या रात्री ती जेवली नाही. सकाळी तिची पेटी उघडी होती आणि ती तिच्या पुढे बसून होती. मी तिची सगळी वर्षं चुलीत घातली, एवढं मला तेव्हा कुठं समजलं.

मग मी निघाले, काणी मागायला. तोवर वावरं कापून झाली होती, खळ्यांत कणसांच्या राशी पडल्या होत्या. पहिल्या घरी मी अगदी नरमाईनं विचारलं. म्हातारी खळ्यावर बसली होती. आधी तिला ऐकूच आलं नाही. मग आलं, तेव्हा तिनं विळा खाली ठेवला.

“आम्हना वावरमा काणी? तुले कोणी सांगं?”

मी म्हटलं, मी स्वतः बघितली, नंबर बांधला होता.

“तो नंबर त तू चांगला कणीसले बांधा. आते सडेल कसाले मांगी ऱ्हायनी?”

दुसऱ्या घरी तेच, तिसऱ्या घरी तेच, वर हसणं. चौथ्या घरच्या बाईनं मला आणखी एक टपोरं कणीस दिलं आणि मडमेला नमस्कार सांगितला. दुपारपर्यंत माझ्या पाटीत पाच उत्तम कणसं जमली होती आणि मला रडू येत होतं.

मडम बरोबर होती. ती मागून चालत होती. बांधावर एक भिलीण भाकरी खात बसली होती. डोंगरातून कापणीला येणाऱ्यांतली. दरवर्षी गावातली निम्मी वावरं तिच्या टोळीनंच कापलेली असायची. आम्ही सकाळपासून काय हिंडतो आहोत, असं तिनं विचारलं. मी सांगितलं. ती भाकरीचा तुकडा मोडता मोडता हसली.

“काणी त मीच काढी फेकी. सगळासना बांधवर पडेल शे. चाला, दखाडस.”

लोक चिडतील, मी म्हटलं.

“मन्हं वावरच नही शे. मले कसानी लाज?”

ती पुढे, मडम मागे, मी सगळ्यात मागे. खरोखरच प्रत्येक बांधाच्या आतल्या अंगाला, कुठे तूर होती तिच्या आड, कुठे काटे ओढून झाकलेले, काणीचे लहान लहान ढीग. ज्याची त्याच्याच बांधावर, त्यामुळे कुठल्या वावराची हा प्रश्नच उरला नव्हता. भिलीण मालक सांगे, मी त्या वावराचे नंबर शोधे, मडम गुडघ्यावर बसून निवडे. लोक खळ्यांवरून बघत होते. अडवायला कुणी आलं नाही. आलं असतं तर ती आपलीच, हे कबूल करावं लागलं असतं.

तेराव्या बांधावर मडम उठली, हात झटकले आणि संपलं ना, असं माझ्याकडे बघितलं. मी संपलं म्हणणार होते.

“अन् तुमना वावरनी?” भिलीण मला म्हणाली.

आता इथं मला लिहायला हवं, की दोन महिने त्या मडमेला मी गावभर हिंडवलं आणि आमच्या वावरात एकदाही नेलं नाही. आमच्यात काणी नाही, असं तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. नवरा शेतकी खात्यात, गावाला औषधं चोळायला शिकवणारा, आणि त्याच्याच वावरात सगळ्यांपेक्षा जास्त काणी. सासूबाई औषध चोळलेलं बियाणं पेरूच देत नव्हत्या, ते खाल्लं तर पाखरं मरतील म्हणून. हे घरात आम्हा तिघांनाच माहीत होतं. तिघांना आणि कापणीच्या सगळ्या बायांना.

मडम माझ्याकडे बघत होती. मी आमच्या वावराकडे वळले. आमचा ढीग मोठा होता. पळसाची पानं टाकून मीच तो झाकला होता. मडमेनं पानं बाजूला केली, एक कणीस उचललं, भिंग लावलं, मग दुसरं, मग तिथंच बसकण मारली. ती मला काहीतरी विचारत होती, पण तिच्या भाषेत, तिच्या लक्षातही आलं नसावं. पुस्तकी मराठीवर आली तेव्हा म्हणाली, “हे आपण लपविले?” रागानं नाही. मला आजही नक्की सांगता येणार नाही की कशानं.

सासूबाई वावराच्या तोंडाशी उभ्या होत्या. त्यांनी सगळं बघितलं आणि घरी गेल्या. मडम गेली त्या दिवशी तिची ओटी त्यांनीच भरली, पण माझ्याशी त्या पुढे कितीतरी महिने बोलल्या नाहीत. जे काही सांगायचं ते म्हशीला सांगायच्या आणि मी करायचं. गावात मात्र कुणीच कुणाला काही बोललं नाही; तेरा बांध उघडे पडल्यावर बोलणार कोण? पेटी सुखरूप पोचली की नाही, एवढीच माझी काळजी, आणि ती कुणाजवळ बोलायची सोय नव्हती.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमारास पत्र आलं. ह्यांनी ओट्यावर बसून वाचलं, अर्थ लावत लावत. पेटी पोचली. एकही कणीस खराब झालं नाही, म्हणजे जेवढं खराब होतं तेवढंच राहिलं. आणि आमच्या वावरातली काणी इतरांपेक्षा निराळी निघाली. तिथल्या काचेच्या घरात तिनं लावलेल्या रोपांवर तीच सगळ्यात जोमानं वाढली, त्यावर ती आणखी दोन वर्षं काम करणार. माझी वर्षे भरली, असं तिनं लिहिलं होतं. तेवढं एक वाक्य मराठीत होतं.

सासूबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. कितीतरी महिन्यांनी त्या थेट माझ्याकडे बघून बोलल्या. “मंग ते चांगलं झायं का वंगाळ?”

मी चार यत्ता शिकलेली. मला सांगता आलं नाही.

त्यांनी स्वतःच काय ते ठरवलं असावं, कारण आखाजीच्या झोक्यापाशी बायका जमल्या तेव्हा त्या सगळ्यांना सांगत होत्या, की साता समुद्रापार काचेच्या घरात जी वाढते आहे, “ती मन्हा वावरनी शे.” बायका कौतुकानं ऐकत होत्या. जिनं मला विळा खाली ठेवून झापलं होतं, ती म्हातारी जरा कडवटपणे म्हणाली, की आमची पण काही कमी नव्हती.

पेरणीच्या आधी ह्यांनी औषध आणलं. पत्र वाचल्यापासून ह्यांना आईपुढे जोर चढला होता. त्या वर्षी पहिल्यांदा सगळं बियाणं चोळायचं ठरलं आणि सासूबाई हो म्हणाल्या. मी चोळायला बसले तेव्हा त्या आल्या, टोपल्यातून न चोळलेली एक मूठ काढली, फडक्यात बांधली आणि माझ्या मांडीवर ठेवली. ही बांधाकडे वेगळी पेर, तिकडची काणी संपली तर ती बाई पुन्हा कुठं मागायला जाईल, म्हणाल्या.

मी ती पुरचुंडी हातात धरून बसून राहिले. आत हे होते. ही मूठ पेरू का, असं त्यांना विचारावं की विचारू नये, हे मला ठरवता येईना.